अंगठ्याशेजारची सही

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमच्या तळोज्याहून खारघरला जायला आता मेट्रो आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात बेलापूर ते पेंधर अशी ती सुरू झाली, आणि पेंधर म्हणजे आमचं मागचं अंगणच. माझ्या लहानपणी या सगळ्या पट्ट्यात भातखाचरं होती. आता खिडकीतून इमारतीच इमारती दिसतात आणि रात्री उशिरा परतलात तर एमआयडीसीचा वास तुम्हाला स्टेशनावर घ्यायला येतो. ते असो. मला सांगायचंय ते या वाटेवरच्या एका आवाराबद्दल. साठ एकरांच्या त्या आवारात टाटा स्मारक केंद्राची एक संस्था आहे. तिचं नाव इतकं लांब की एका श्वासात म्हणता येत नाही : अॅडव्हान्स्ड सेंटर फॉर ट्रीटमेंट, रिसर्च अँड एज्युकेशन इन कॅन्सर. डॉक्टर मंडळी तिला अॅक्ट्रेक म्हणतात. रिक्षावाले 'टाटा' म्हणतात आणि विषय संपवतात.

उपचार, संशोधन आणि शिक्षण. तीन संसार एका पाटीवर मांडलेत. आजच्या बोलण्याचा विषयही तोच, की शिक्षण, आरोग्यसेवा आणि जीवशास्त्र यांतली माणसं एकत्र येऊन संशोधन करतात ते कसं, आणि त्यात आपण कुठे असतो.

तुम्ही म्हणाल, या विषयावर बोलायला कवी कशाला? रास्त आहे. मी मराठी घेऊन बीए झालो. शास्त्राशी माझा संबंध दहावीच्या पेपरात तुटला तो तुटलाच. पण झालं असं, की काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या नैतिकता समितीवर, म्हणजे लोक जिला एथिक्स कमिटी म्हणतात तिच्यावर, मला बोलावलं गेलं. कुठली संस्था ते सांगत नाही, कारण तिथे गुप्ततेच्या कागदावर सही करावी लागते. माणसांवर करायचा कुठलाही वैद्यकीय अभ्यास अशा समितीच्या मंजुरीवाचून सुरू होऊ शकत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार समितीत सात ते पंधरा माणसं असावीत, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा, कायदा जाणणारं कुणी असावं, आणि एक सामान्य माणूस असावा. वैद्यकाशी संबंध नसलेला, पण लिहिता-वाचता येणारा. तो मी. काही येत नाही हीच ज्याची पात्रता, असं पद आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं. घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "योग्य माणूस निवडला."

माझं काम एवढंच, की ज्याच्यावर अभ्यास होणार त्याच्या हातात जो संमतीचा कागद द्यायचा, तो त्याला कळेल का, हे सांगायचं.

त्या कागदाकडे येण्याआधी थोडं मागे जातो. १९५२ साली परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झालं. पहिले संचालक डॉ. व. रा. खानोलकर. त्यांच्या हाताखाली पीएचडी केलेल्या एक विदुषी तिथे होत्या, डॉ. कमल रणदिवे. माहेरच्या समर्थ, पुण्याच्या, हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या. पीएचडीनंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत गेल्या, जिवंत पेशी शरीराबाहेर काचेच्या भांड्यात वाढवण्याचं तंत्र शिकल्या, आणि परत येऊन त्यांनी परळला तशी प्रयोगशाळा उभी केली, देशातली पहिली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. उतारवयात त्या अहमदनगर जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास करत होत्या. प्रयोगशाळेतून निघून थेट पाड्यावर जाणारी ती बाई २००१ साली गेली. पुढच्याच वर्षी ही संशोधन संस्था परळहून खारघरला आली आणि अॅक्ट्रेक झाली. तिथल्या संशोधनाच्या इमारतीचं नाव आहे खानोलकर शोधिका. शोधिका! हा शब्द ज्यानं योजला त्याला माझा सलाम. आमच्या फॉर्ममध्ये असे शब्द आले असते तर माझं अर्धं काम कमी झालं असतं.

खारघरच्या याच आवारात ४ जून २०२१ रोजी एका रुग्णाला एक नवा उपचार दिला गेला. कार-टी म्हणतात त्याला. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे शरीराचे शिपाई, बाहेर काढायच्या, त्यांच्यात जनुकीय बदल करून त्यांना कर्करोगाची पेशी ओळखायला शिकवायचं, आणि मग त्या त्याच्याच शरीरात परत सोडायच्या. पवईच्या आयआयटीतले जीवशास्त्रज्ञ आणि टाटाचे रक्तविकारतज्ज्ञ यांनी मिळून वर्षानुवर्षं हे काम केलं होतं. परदेशात याच उपचाराला तीन-चार कोटी रुपये लागत, इथे त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास होण्याची शक्यता दिसू लागली. २०२३ च्या ऑक्टोबरात सरकारी मान्यता मिळाली, ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपतींच्या हस्ते पवईला लोकार्पण झालं. भाषणं झाली, प्राध्यापकांची, डॉक्टरांची, संस्थांची नावं घेतली गेली. घ्यायलाच हवीत. पण २०२१ च्या त्या दिवशी खाटेवर जो माणूस होता, ज्याला ठाऊक होतं की भारतात हे आजवर कुणावरही केलेलं नाही, त्याचं नाव आपल्याला कळणार नाही. कळू नये असाच नियम आहे आणि तो चांगला आहे. फक्त कधी 'संयुक्त संशोधन' असा शब्द कानावर आला की मी मनात मोजतो : आयआयटी एक, हॉस्पिटल दोन, आणि तो तिसरा.

आता एक मोठी गोष्ट सांगतो. ती घडली आपल्याच मराठवाड्यात, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यात.

सोलापूर जिल्ह्यात बार्शी आहे. तिथे नर्गिस दत्त यांच्या नावानं कर्करोगाचं रुग्णालय आहे, डॉ. भगवान नेने यांनी नावारूपाला आणलेलं. १९८७ साली तिथे टाटा स्मारकाच्या मदतीनं ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांची. शहरात अशी नोंदणी सोपी. रुग्णालयांची दप्तरं तपासली की आकडे मिळतात. खेड्यात दप्तर कुठलं? रुग्णालयापर्यंत कुणी पोचतच नव्हतं. तेव्हा कार्यकर्ते गावोगाव फिरले. ओट्यावर बसून विचारत, कुणाला गाठ आहे का, कुणा बाईला अवेळी रक्त जातं का. विचारता विचारता लक्षणंही सांगत. हळूहळू असं दिसलं, की बायका पूर्वीपेक्षा लवकर रुग्णालयात येऊ लागल्या. नोंद करायला गेलेली माणसं नकळत शिक्षक झाली.

आणि येणाऱ्या बायकांत सर्वांत मोठा आजार कोणता, तर गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग. हा असा कर्करोग आहे की जो आधी काही वर्षं दार वाजवतो. वेळेवर पाहिलं तर छोट्याशा उपचारात थांबतो. पण पाहायचं कसं? पॅप तपासणीत पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या, त्याला तज्ज्ञ लागतो. दुसरी पद्धत, पातळ केलेलं व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी पाहायचं. पांढरा डाग दिसला तर संशय. ते प्रशिक्षित नर्सबाईलाही जमतं. तिसरी, ज्या विषाणूमुळे हा आजार होतो तो एचपीव्ही आहे का ते प्रयोगशाळेत तपासायचं. तेव्हा ही फार महाग होती. गरीब देशानं यातली कोणती निवडावी, हे खात्रीनं कुणालाच सांगता येत नव्हतं.

म्हणून १९९९ मध्ये तीन संस्था एकत्र आल्या. फ्रान्समधल्या लियों शहरातली जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था, मुंबईचं टाटा स्मारक आणि बार्शीचं रुग्णालय. पैसा गेट्स फाउंडेशनचा. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांचे ५२ समूह केले. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका. ५२ समूहांच्या जणू चिठ्ठ्या टाकल्या आणि तेरा-तेराचे चार गट झाले. एका गटाची एचपीव्ही तपासणी, दुसऱ्याची पॅप, तिसऱ्याची व्हिनेगरची. आणि चौथा गट, ३१,४८८ बायका, नेहमीसारखाच ठेवलेला. त्यांची ठरवून तपासणी झाली नाही. तुलना करायला तसा गट लागतो.

बाया एका दिवसाची मजुरी बुडवून आल्या असतील, काहींना नवऱ्यानं अडवलं असेल, काहींना सासूनं विचारलं असेल, तुला काय झालंय म्हणून तू जातेस? निरोगी बाईनं आतली तपासणी करून घ्यायची, ही कल्पनाच आपल्या घरांत बसत नाही. आमच्या मोहल्ल्यातही बसत नाही, उगाच दुसऱ्याकडे बोट दाखवायला नको.

आठ वर्षं लक्ष ठेवलं. २००९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निष्कर्ष छापून आले. पहिलं नाव डॉ. शंकरनारायणन यांचं, ते लियोंच्या संस्थेतले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं मृत्यू जवळजवळ निम्मे झाले होते. एचपीव्ही तपासलेल्या गटात या आजारानं ३४ बायका गेल्या, चौथ्या गटात ६४. पॅप आणि व्हिनेगरच्या गटांत खात्रीनं सांगावा असा फरक पडला नव्हता. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या एका दुसऱ्या अभ्यासात मात्र, डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना काही आठवड्यांत तयार करून व्हिनेगरची तपासणी दर दोन वर्षांनी करवली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पुढे २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं एचपीव्ही तपासणीला पहिली पसंती द्या असं साऱ्या जगाला सांगितलं. त्या सांगण्याच्या मुळाशी जे पुरावे आहेत त्यांत भूम-परांड्याकडच्या आपल्या आयाबहिणी आहेत.

३४ आणि ६४. या दोन आकड्यांवर मी बरेच दिवस अडकलो होतो. त्या चौसष्ट जणींचं काय? हा प्रश्न मलाच पडला असं नाही. काही डॉक्टरांनी तो जाहीरपणे विचारला. व्हिनेगर, पॅप काहीतरी उपयोगी पडतं हे ठाऊक असताना एक गट बिनतपासणीचा ठेवणं न्यायाचं होतं का? संशोधकांचं उत्तर असं, की त्या काळी देशात अशी तपासणी कुठल्याच खेड्यात होत नव्हती. आम्ही कुणाचं काही काढून घेतलं नाही, आणि तुलनेशिवाय कुठल्याच सरकारनं पैसे घातले नसते. दोन्ही बाजू मी समितीत बसणारा माणूस म्हणून समजू शकतो. पण कवी म्हणून माझी गाडी एका वेगळ्या ठिकाणी अडते. चौथ्या गटातल्या बाईला जर कुणी सोप्या मराठीत सांगितलं असतं, की बाई, तुझ्या गावाची चिठ्ठी अशी निघाली, शेजारच्या गावात तपासणी होतेय, तुझ्या गावात होणार नाही, आम्ही फक्त पाहणार आहोत, तर ती काय म्हणाली असती? त्या गटातल्या बायकांना नेमकं काय आणि कसं सांगितलं गेलं, या प्रश्नापाशी मी थांबतो. शास्त्राच्या लेखात त्याला दोन ओळी पुरतात.

मघाशी बाल्टिमोरच्या जॉर्ज गाय यांचं नाव घेतलं. १९५१ साली त्यांच्याच प्रयोगशाळेत हेन्रिएटा लॅक्स नावाच्या एका काळ्या बाईच्या पेशी आल्या. एकतीस वर्षांची, पाच मुलांची आई. आजार हाच, गर्भाशयमुखाचा कर्करोग. ती त्याच वर्षी गेली, पण तिच्या पेशी भांड्यात वाढतच राहिल्या, आणि आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत. पोलिओच्या लशीपासून कितीतरी शोध त्यांच्या जोरावर लागले. तिला कुणी विचारलं नव्हतं. तिच्या घरच्यांना वीसेक वर्षांनी कळलं. २०२३ साली तिच्या वारसांची एका मोठ्या कंपनीशी तडजोड झाली, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर बहात्तर वर्षांनी. गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या काळी कुणालाच विचारायची रीत नव्हती, असं त्यांच्या बाजूनं सांगतात. खरंही असेल. आमच्याकडे तरी ती कधीपासून आहे?

आता माझी गोष्ट. ही मी समितीतही सांगितली आहे, म्हणून इथे सांगायला हरकत नाही.

अठरा-वीस वर्षांपूर्वी एका नातेवाइकाबरोबर मी शहरातल्या एका रुग्णालयात बसलो होतो. बाकावर शेजारी घाटावरची एक बाई, कपाळावर ठसठशीत कुंकू, बरोबर दहा-बारा वर्षांचा मुलगा. एक तरुण हातात फाइल घेऊन आला. घाईत होता बिचारा, त्याच्याकडे अशा वीस फाइली असतील. त्यानं तिचा अंगठा शाईत बुडवला, कागदावर उमटवला आणि मला विचारलं, "सर, लिहिता-वाचता येतं ना? साक्षीदाराची एक सही हवी." मी पेन काढलं. सहीच्या वर छापलं होतं, की वरील मजकूर सहभागी व्यक्तीस तिला समजेल अशा भाषेत माझ्यासमक्ष वाचून दाखवण्यात आला. मी ते वाचलं. वाचून सही केली. तरुण गेला. बाईनं अंगठा केसांना पुसला आणि मला विचारलं, "दादा, कशावर घेतला ओ अंगठा?"

मी म्हटलं, "तपासणीचं आहे काहीतरी."

एवढंच. त्या बाईचं पुढे काही वाईट झालं असेल असं नाही. कदाचित चांगलंच झालं असेल, तो अभ्यासही चांगला असेल. पण मी खोटी साक्ष दिली. नमाज पढणारा माणूस, शब्दांवर पोट नाही पण इज्जत चालवणारा माणूस, आणि छापील वाक्याखाली खोटी सही.

आमच्यात निकाहाच्या वेळी वकील आणि दोन गवाह नवरीच्या खोलीपर्यंत जातात. तिची इजाजत घ्यायची असते. अमुक गावच्या अमुकच्या मुलाशी, एवढ्या मेहेरवर, तुझा निकाह लावायला तुझी परवानगी आहे का? तिच्या तोंडून ऐकून यायचं आणि बाहेर मंडळींत सांगायचं. बाविशीत असताना चुलतबहिणीच्या निकाहात मी गवाह होतो. खोलीत बायकांची ही गर्दी, कुणी रडतंय, कुणी मुलांना गप्प करतंय. वकिलानं विचारलं. मला काही ऐकू आलं नाही. मावशी म्हणाली, "हो म्हणाली, हो म्हणाली, जा आता." आम्ही बाहेर येऊन सांगितलं, कबूल. तिचा संसार छान चाललाय, नातवंडं आहेत. पण तिनं 'हो' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं, हे आजही खरं आहे.

न वाचता येणाऱ्या माणसाच्या अंगठ्याशेजारी जो साक्षीदार सही करतो, त्यानं समजावून सांगण्याच्या सबंध वेळात तिथे हजर असलं पाहिजे, असा कायदा आहे. २०१९ च्या औषधचाचणी नियमांत तो स्वच्छ लिहिलाय. २०१३ पासून काही चाचण्यांमध्ये संमती घेतानाचं ध्वनिचित्रमुद्रणही सक्तीचं झालं. हे सगळं उगाच झालं नाही. २००९-१० मध्ये आंध्र आणि गुजरातमध्ये शाळकरी मुलींना एचपीव्हीची लस देण्याचा एक प्रकल्प झाला होता, अमेरिकेतली पाथ ही संस्था, आयसीएमआर आणि त्या त्या राज्यांचं सरकार मिळून. सात मुली दगावल्या. त्या मृत्यूंचा लशीशी बहुधा संबंध नाही असं चौकशी समितीनं पुढे म्हटलं. पण चौकशीत दुसरंच बाहेर आलं. खम्मम जिल्ह्यात आश्रमशाळांतल्या कितीतरी मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांची सही नव्हती, वसतिगृहाच्या वॉर्डनची होती. संसदीय समितीनं २०१३ साली त्यावर कडक ताशेरे ओढले. लस चांगली आहे. आता पुण्याच्या सीरमनं आपल्या देशातच तशी लस तयार केली आहे, माझ्या भाचीच्या मुलीला द्या असं मीच सांगितलं. तरीही त्या वॉर्डनबाईंचा विचार मनात येतो. त्यांना वाटलं असेल, चांगलंच तर आहे, मुलींचं भलंच होणार, करू सही. अगदी माझ्यासारखं.

तर समितीत मी काय करतो, ते सांगतो. शब्द बदलतो. पहिल्या बैठकीत माझ्यासमोर कागद आला त्यात लिहिलं होतं, 'आपले यादृच्छिकीकरण करण्यात येईल.' मी विचारलं, हे काय दुखतं का? सगळे हसले. मग सुचवलं, 'तुम्हाला कोणता उपचार मिळेल हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल, डॉक्टर ठरवणार नाहीत.' लांब झालं, पण राहिलं. दुसऱ्या एका कागदात 'आपला नमुना जतन केला जाईल' असं होतं. आमच्याकडे नमुना म्हणजे वात्रट माणूस. वाचून पाहणारी एक बाई पदराआड हसत म्हणाली, "आमचा नमुना घरी आहे, ठेवून घ्या." तिथे 'तुमच्या रक्ताची बाटली' असं केलं. 'कधीही माघार घेऊ शकता' हे वाक्यही मला खटकायचं. माघार उमेदवार घेतो, पैलवान घेतो, ती घेताना खाली मान असते. 'मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबा, तुमच्या औषधपाण्यात काही कमी होणार नाही' असं केलं. यात कविता काही नाही. डॉक्टरांना वेळ नसतो, भाषांतर करणाऱ्याला पानाप्रमाणे पैसे मिळतात, आणि शब्दकोशात पहिला सापडेल तो शब्द बसतो. कुणाचं वाईट करायचं म्हणून कुणी अवघड लिहीत नाही.

माझ्या आपाला, थोरल्या बहिणीला, तीन वर्षांपूर्वी छातीत गाठ निघाली. आता ती बरी आहे, अल्लाची मेहेरबानी आणि डॉक्टरांची. उपचार चालू असताना एका अभ्यासात भाग घेणार का असं विचारलं गेलं. काढलेल्या गाठीचा तुकडा आणि थोडं रक्त संशोधनासाठी ठेवायचं होतं, दोन-तीन संस्था मिळून काही शोधत होत्या. फॉर्म हातात आला तो हिंदी. नाव पाहिलं आणि हिंदी दिला. आपा तळोज्याच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, घरात आम्ही आमची कोकणी बोलतो, हिंदी तिला सिनेमापुरतं येतं. तिनं फॉर्म परत केला आणि म्हणाली, "मराठीतला द्या." आणून दिला. त्यात 'यादृच्छिक' होतंच. दोन्ही भाषांत तोच शब्द, राष्ट्रीय एकात्मता म्हणायची.

तिनं तो फॉर्म घरी आणला. कायद्यानं आणता येतो, विचार करायला वेळ मागता येतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. दोन संध्याकाळी मगरिबनंतर मी तिला सगळा वाचून दाखवला, आठ पानं. ऐकता ऐकता ती तांदूळ निवडत होती. मध्येच थांबवून विचारायची. तुकडा किती दिवस ठेवणार? विकणार का? माझं नाव त्यावर लिहिणार का? पहिल्या आणि शेवटच्या प्रश्नाला कागदात उत्तर होतं, मधल्याला नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं डॉक्टरीणबाईंनाच विचारलं. त्यांनी खुर्ची ओढून पंधरा मिनिटं सांगितलं, आणि आपानं सही केली. शेवटी म्हणाली, "ती अमानत आहे. नीट ठेवा." आमच्यात दुसऱ्याची ठेवायला दिलेली वस्तू म्हणजे अमानत, तिला धक्का लावायचा नसतो. डॉक्टरीणबाई मराठी, त्यांनी तो शब्द वहीत लिहून घेतला.

एक गोष्ट मात्र त्या आठ पानांत कुठेच नव्हती. शेवटी काय सापडलं ते आपाला कोण सांगणार? उस्मानाबादच्या बायकांनी दिलेलं उत्तर इंग्रजीत अमेरिकेत छापून आलं. ज्या ओट्यांवर प्रश्न विचारले गेले, तिथे उत्तर घेऊन परत जाण्याचं कलम बहुतेक फॉर्ममध्ये नसतं. आमच्या समितीत आता मी प्रत्येक कागदावर एक ओळ मागतो, की अभ्यास संपल्यावर निष्कर्ष सोप्या मराठीत एका पानावर कळवला जाईल. कधी ती मिळते. कधी संशोधक म्हणतात, पत्ते बदलतात, खर्च वाढतो, आणि खोटं नसतं ते.

आपा दर ईदला विचारते, "त्या लोकांचं काय झालं रे? सापडलं का काही?" गेल्या ईदला शीरखुर्मा पुढे ठेवून तिनं पुन्हा विचारलं, तेव्हा मी तिचा जपून ठेवलेला फॉर्म काढला. शेवटच्या पानावर शंका विचारण्यासाठी म्हणून एक फोन नंबर असतो. सुटी संपल्यावर तो लावला. तिकडून एका मुलीनं उचलला. मी सगळं सांगितलं. ती जरा थांबली आणि म्हणाली, "सर, तुम्ही नेमकं कशासाठी फोन केलाय? काही त्रास होतोय का त्यांना?"

म्हटलं, त्रास काही नाही. तिला फक्त विचारायचंय, उत्तर मिळालं का?

ती म्हणाली, "एक मिनिट हं, थांबा. असं कुणी विचारलं नव्हतं. मी मॅडमना विचारून सांगते. नाव काय म्हणालात त्यांचं?"